केबल तर मुन्नाभियांच्या हातात होती

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. देवासच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढली आहेत. मीटर खोटं दाखवत असेल तर कुठेतरी वायर सैल असते — एवढंच माझं अध्यात्म. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवल्यावर करमणूक म्हणून वाचायचे, दोन-तीनदा खाली खवचट कमेंटही टाकली आहे. त्या लोकांची माफी मागते. आता माझी पाळी आहे, हसायचं तर खुशाल हसा.

माझा मोठा भाऊ श्रीकांत, म्हणजे दादा, दिवसा फिटर आणि संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाचा लाइटवाला. बाबा नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले तेव्हापासून आम्ही इथलेच, आणि इथे मराठी माणसाला नाटकाशिवाय चैन पडत नाही. दादाला स्टेजवर जायची हौस कधीच नव्हती. मागे अंधारात बसून दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकायचा, यातच तो खूश.

त्या लाइटचं थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रेक्षकांच्या मागे टेबलावर एक कन्सोल असतो. त्यातून एकच बारीक केबल स्टेजपर्यंत जाते. शाळेत हजेरी घेतात ना, तसा कन्सोल त्या केबलमधून सतत आकडे पाठवत असतो — एक नंबर, इतका उजेड. दोन नंबर, इतका… पाचशे बारापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, एका सेकंदात कितीतरी वेळा. विंगेत डिमर ठेवलेले असतात, एकेका डिमरवर चार लाइट. तुझा नंबर एकपासून की पाचपासून, हे डिमरला बटण दाबून सांगून ठेवायचं. तो आपल्या वाट्याचे चार आकडे ऐकतो, तेवढा उजेड देतो, बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नाही. आणि दोन डिमरना चुकून एकच नंबर दिला, तर दोन्ही एकाच आकड्यावर नाचतात. सगळा घोळ इथेच झाला.

अकरा वर्षांपूर्वी धारला आमच्या मंडळाचं नाटक होतं. बसस्टँडकडून किल्ल्याकडे जाताना लागतं ते सभागृह. मंडळाचे अध्यक्ष, नाटकाचे दिग्दर्शक आणि नायक — तिन्ही एकच गृहस्थ. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मीही सरच म्हणते, आदर म्हणून नव्हे. मध्यंतरात त्यांची कुरकुर चालू होती, तोंडावर उजेड कमी पडतोय म्हणून. दादा म्हणाला, आहे तेवढाच बरोबर आहे, सर.

सरांनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या अंकाआधी विंगेत जाऊन दुसऱ्या डिमरचा नंबर पाचचा एक करून टाकला. दोन डिमर एकत्र कसे चालतात ते दादानेच त्यांना एकदा कौतुकाने दाखवलं होतं! त्या दुसऱ्या डिमरवर सेटमधल्या जिन्याचे लाइट होते. ते आता पहिल्याबरोबर पेटायला लागले आणि सरांचा चेहरा उजळला. दादाला उजेड जास्त वाटला, पण चालू नाटकात प्रेक्षकांतून धावत विंगेत कसा जाणार? शेवटच्या प्रसंगात बाकी सगळा अंधार आणि फक्त जिना उजळलेला, त्यावरून नायिका खाली येते, असं होतं. दादाने पहिले चार लाइट शून्यावर आणले आणि जिनाही गेला. काय झालंय हे त्याच्या लक्षात येऊन त्याने पुन्हा उजेड केला, तोवर नायिका खाली पडली होती. तिच्या मांडीचं हाड मोडलं.

आमच्या मंडळात पडदा पडल्यावर पडद्यामागच्यांची नावं माइकवरून सांगायची पद्धत आहे. एकेकाला पुढे बोलावतात, टाळ्या होतात. त्या दिवशी दादाचं नाव घेऊन सर म्हणाले, "आमचे लाइटवाले आज जरा शुद्धीत नव्हते, प्रेक्षकांनी सांभाळून घ्यावं."

दादा एके काळी प्यायचा, हे खरं आहे. सोडून नऊ वर्षं झाली होती, हेही खरं आहे. पण लोकांना पहिलं लक्षात होतं. तो विंगेत पोचला तेव्हा डिमरवर पुन्हा पाच आकडा होता, म्हणजे पुरावा गेला. फक्त बटणावर मेकअपचा डाग होता, आणि त्या विंगेतून एंट्री एकट्या सरांची होती. हे त्याने मला सांगितलं. कमिटीत सांगितलं तेव्हा लोक खाली बघत बसले.

सगळ्यात वाईट वेगळंच झालं. दादाची मुलगी रेवा तेव्हा बारा वर्षांची होती, पहिल्या रांगेत बसलेली. तिने ते ऐकलं आणि खरं मानलं. पुढे ती त्याच्या स्कूटरवर बसेना, शाळेच्या कार्यक्रमाला त्याने येऊ नये म्हणून रडायची. तो घरी आला की आधी त्याचा वास घ्यायची. दादा दारात उभा राहून तिला वास घेऊ द्यायचा… हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांनी सकाळच्या शिफ्टला मशीनपाशीच त्याचं हृदय बंद पडलं. त्या दिवसापासून मी एकच ठरवलं होतं, की त्या माणसाला सोडायचं नाही.

दादाच्या वह्या होत्या, त्यावरून मी लाइट शिकले. मंडळात कोणी नव्हतंच, त्यांनी मला लगेच घेतलं. मी हसतमुखाने सात वर्षं वाट पाहिली. मागच्या वर्षी सरांची पंचाहत्तरी आली, आणि सत्काराचा कार्यक्रम ठरला धारला, त्याच सभागृहात! रविवारी दुपारी चार वाजता. नमस्कारच करावासा वाटला कोणालातरी.

माझा बेत साधा होता. स्टेजच्या पुढच्या बाजूला एका ओळीत आठ लाइट लावले. सरांचं भाषण रंगात आलं की कन्सोलवरचे फेडर, म्हणजे लाइटच्या सरकत्या कळा, ओढून सगळे शून्यावर आणायचे, आणि त्या अंधारात माझ्या टेबलावरच्या माइकवरून त्या नाटकाची खरी गोष्ट सगळ्यांना ऐकवायची. कागदावर लिहून नेलं होतं.

रेवा माझ्या शेजारी होती, लॅपटॉपवर संगीत लावायला. आता ती इंदूरला नोकरी करते. विंगेत डिमरजवळ धारचे मुन्नाभिया, पन्नाशीचे इलेक्ट्रिशियन, त्या हॉलची वायर न् वायर त्यांना पाठ. माझा-त्यांचा फोन चालू होता, कानात हेडफोन. खिडक्यांना काळे पडदे, हॉलचे दिवे बंद.

शाल झाली, श्रीफळ झालं. सर कॉर्डलेस माइक घेऊन उभे राहिले. सुरुवातीलाच उजेड डोळ्यांवर आला म्हणून हात आडवा धरून म्हणाले, "लाइटवाल्या बाई, जरा कमी करा. का आजही आमचे लाइटवाले शुद्धीत नाहीत?" आणि हसले. लोकही हसले.

रेवाने मान खाली घातली. मी कागद वगैरे विसरले, सरळ आठही फेडर खाली ओढले.

सात लाइट गेले. एक राहिला — सरांच्या बरोबर डोक्यावरचा, चार नंबर, पूर्ण पेटलेला.

मी सगळ्या लाइटचा मिळून असलेला मास्टर शून्य केला. राहिला. मी ब्लॅकआउटचं बटण दाबलं. राहिला. सर वैतागून उजवीकडे दोन पावलं सरकले. चार गेला आणि पाच पेटला. ते थांबले, पाच थांबला. ते परत डावीकडे आले आणि चार पेटला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"आत्या, मस्त! तू कर रही है क्या?" रेवा कुजबुजली.

माझे दोन्ही हात टेबलावर होते. मी कन्सोलच्या मागून केबल उपटली. काही फरक नाही. फोनमध्ये म्हटलं, "मुन्नाभिया, डिमर में से केबल निकालो, फौरन!"

तिकडून उत्तर आलं, "मॅडम… तार तो म्हारा हाथ में है. कबको काढी लियो."

शिकलेल्या वाचकांनो, थांबा, तुमचे प्रश्न मला माहीत आहेत. सिग्नल गेल्यावर काही डिमर शेवटचा आकडा धरून ठेवतात. बरोबर, पण शेवटचा आकडा शून्य होता. काही डिमरमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम असतो, लाइट ओळीने पेटवणारा. हेही बरोबर, पण तो एका ठरलेल्या वेगाने पळतो, म्हाताऱ्याची पावलं मोजत नाही. केबलच्या टोकाला रोध नसला तर लाइट लुकलुकतात. इथे केबलच नव्हती, आणि लुकलुक म्हणाल तर नावाला नाही.

"मेन बंद कर दूँ कई?" मुन्नाभियांनी विचारलं.

मी म्हटलं, "नहीं." हो, मीच नाही म्हटलं. घाबरले होते, पण त्याहून जास्त मला बघायचं होतं.

सरांना आता कळलं होतं. ते उजेडातून बाहेर पडायला बघत होते आणि उजेड त्यांना सोडत नव्हता. सहा. सात. आठ. आठव्याखाली स्टेजवरून हॉलमध्ये उतरायच्या पायऱ्या होत्या, सहा उंच पायऱ्या, कठडा नाही. सरांनी खाली उतरायला एक पाय पुढे केला आणि आठवा विझला.

मिट्ट काळोख. माइक त्यांच्या हातातच होता, श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

"कोण आहे? अहो, लाइट लावा कोणीतरी… मी पडेन." मग एकदम आवाज बदलला, लहान झाला. "श्रीकांता, उजेड दे रे बाबा. चुकलो मी. मीच फिरवला होता तो नंबर, माझ्याच हातांनी. तू शुद्धीत होतास. सगळ्यांदेखत सांगतोय ना आता… पाडू नकोस मला."

मग आठवा लाइट हळूहळू वर आला. पूर्ण नाही, निम्म्याहून कमी, डोळ्यांवर न येता पाय दिसतील इतपत. सर एकेक पायरी बसत बसत उतरले. शेवटची पायरी उतरेपर्यंत तो उजेड हलला नाही. खरं सांगू? मला राग आला. मी तेवढाही दिला नसता.

नंतर कोणीतरी खिडक्यांचे पडदे सारले, दुपारचं ऊन आत आलं आणि एकच गलका झाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाईने भावाचा बदला घेतला, हेच सगळ्यांनी धरलं. काही जण नजरेनेच शाबासकी देत होते. मुन्नाभिया केबल माझ्या टेबलावर ठेवून घरी गेले, परत कधी माझा फोन उचलला नाही. डिमर मी देवासला आणून दोन रविवार उघडून बसले. एकही सांधा सैल नाही. सर त्यानंतर मंडळात आलेले नाहीत. मला त्यांची दया येत नाही, विचारू नका.

पण त्या दिवशी मी जिंकले असं समजत गाडीत येऊन बसले, तर रेवा स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत होती. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "आता तरी कळलं ना, बाळा? त्याने घेतली नव्हती."

"कळलं ना," ती म्हणाली. "आता काय करू त्याचं? सॉरी किसको बोलूँ?"

इतकी वर्षं सूड-सूड करत होते, पण तो लागला कुणाला हे तेव्हा दिसलं.

मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "आत्या, खरं सांग. तू केलंस की बाबा आले होते? आले असतील तर… त्या माणसासाठी आले? मी तुझ्या बाजूला बसली होती, पूरा टाइम. माझ्याकडे एकदा पण नाही बघितलं?"

मी म्हटलं, "मीच केलं गं. आधीपासून सेट करून ठेवलं होतं."

तिने माझा हात घट्ट धरला. थँक्यू म्हणाली. मग गाडी सुरू केली आणि आम्ही इंदूरला निघालो.

तर ते मी केलं नव्हतं. कोणी केलं, कसं केलं, मला माहीत नाही, आणि आता कोणी समजावून सांगितलं तरी ऐकायची हिंमत आहे की नाही, तेही माहीत नाही. रेवाला मात्र हे कळता कामा नये. ती मराठी बोलते, पण शिकली सगळं हिंदीत. मराठीच्या दोन ओळी वाचल्या की कंटाळून फोन खाली ठेवते. वहिनी त्यासाठी तिला अजून रागावते. मी आता रागावत नाही. तेवढ्यासाठीच हे मराठीत लिहिलंय.