बिब्ब्याचा डाग
परवा शेजाऱ्यानं टाचेच्या भेगांत तापता बिब्बा भरला, अन् त्या जळक्या वासानं नातीचं पोट आठवलं. वर्षाची होती. आधी सर्दी झाली, मग श्वासागणिक बरगड्या आत ओढू लागल्या. सून म्हणाली, "मामाजी, अकोल्याले नेऊ." मी म्हटलं, "डब्बा झाला तिले. लेकराची अशी धाप डाग दिल्यानंच बसते. दवाखाना काय करते?" अन् पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. दोन दिवस कोणाले हलू दिलं नाही. शेवटी सूनच तिले घेऊन एसटीनं गेली. डॉक्टर म्हणाला, "बाबा, सर्दीच्याच विषाणूनं फुफ्फुस सुजलं. चटके कावून दिले?" मी त्यालेच झापलं. नात वाचली. अजूनही ती खोकलली की सून आधी तिले माझ्याजवळून उठवते, मग दवाखान्यात नेते. मी तोंड फिरवतो. चुकलं म्हणायले जीभ वळत नाही.