मार्लहोलचा निरोप्या

लेन रेबोल्ड लाजाळू होता, आणि इंग्लंडातल्या आमच्या क्रॅडली हीथ गावात लाजाळू माणसाला लोक चांगला माणूस समजतात. त्याची आई एडना सगळ्यांना सांगायची, "आमच्या लेनच्या तोंडून कुणाला कधी वाकडा शब्द गेला नाही." ते खोटं नव्हतं. लेननं जे वाईट केलं ते गप्प बसून केलं.

'रोबक' हा पब आधी माझे वडील चालवायचे, पुढे मी चालवला. त्यामुळे ही सगळी माणसं मी काउंटरमागून बघत आलेय. एकोणसत्तर साली आमच्या माडीवर चार पोरांनी बँडची तालीम सुरू केली. ती वाजवायला लागली की छताचा चुना खाली बसलेल्यांच्या बिअरमध्ये पडायचा. वडील जिन्याच्या तळाशी उभे राहून ओरडायचे, "अरे ए, माझ्या गिऱ्हाइकांना चुना पाजताय का रे?" पण त्यांना हाकलून काही देईनात, कारण पोरांच्या मागोमाग पिणारे लोकही यायला लागले होते.

ड्रमवर होता नेव्ह फॉक्सॉल. दिवसभर फोर्जमध्ये, म्हणजे लोखंड घडवायच्या कारखान्यात, यांत्रिक घणाखाली लाल लोखंड सरकवायचा आणि संध्याकाळी येऊन तसंच वाजवायचा, सावकाश, जड, पोटात बसेल असं. बँड त्याचाच. नावही त्यानंच ठेवलं, मार्लहोल. मार्लहोल म्हणजे माती काढून झाल्यावर पाणी साचलेला खड्डा. आमच्या गावात असे खूप होते, आणि तिथं खेळायला गेलो की आईचा मार ठरलेला. गिटारवर ग्रॅहम विलेट्स, गायला डेरेक हिंगली. आणि बेस गिटारवर लेन, जो साखळीच्या कारखान्यात माल बांधायचा. त्याला बेस नेव्हनंच शिकवला. लेनला चार माणसांत उभं राहायची भीती वाटायची, तर नेव्ह म्हणायचा, "तू लोकांकडं बघूच नकोस लेका, माझ्याकडं वळून उभा राहा." म्हणून लेन कायम अर्धा पाठमोरा वाजवायचा. पुढच्या वर्षी नेव्हनं लेनच्या बहिणीशी, बेरिलशी लग्न केलं.

एका शनिवारी दुपारी, वाद्यं गाडीत चढवताना, नेव्हनं लेनला बाजूला घेतलं. हे मला खूप नंतर कळलं, सगळ्या गावाला कळलं तेव्हाच.

"लेन, डाव्या कानानं मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. उजवाही चाललाय. घणानं खाल्ले."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवून काय करू? बेरिलला बोलू नकोस, या दोघांना तर नाहीच. मी तुझ्या खांद्याकडं बघून वाजवतो. तू प्रत्येक ठेक्याला खांदा पाडतोस, माहितीय? मला तेवढं पुरतं. फक्त माझ्यासमोर उभा राहत जा."

तेव्हापासून लेन खांदा जरा जास्तच पाडायला लागला. लोकांना वाटायचं ही त्याची ऐट आहे. बर्मिंगहॅममधली पोरं त्याची नक्कल करायची.

मार्लहोल वर चढला. आधी आसपासचे पब, मग कामगारांचे क्लब, मग बर्मिंगहॅमची मोठी सभागृहं. बहात्तर साली लंडनहून लोमॅक्स नावाचा मॅनेजर आला. मऊ कोट, मऊ आवाज, आणि आमची माइल्ड बिअर ओठाला लावून तशीच ठेवून देणारा. त्यानं रेकॉर्डचा करार आणला. गावात एकच बोलणं. एडनाबाईंनी चर्चमध्ये जाऊन धन्यवाद दिले, जरी गाण्यांचे शब्द त्यांना पटत नव्हते.

लंडनच्या स्टुडिओत ड्रमवाल्याला वेगळ्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, समोर भिंत. भिंतीपलीकडे लेन. नेव्हला लेनचा खांदा दिसेना, आणि हेडफोनमधलं अर्धंही कानात शिरेना. तो पुढे पळायचा, मग मागे पडायचा. दोन दिवस तेच. ध्वनिमुद्रण करणारे एकमेकांकडं बघून हसायला लागले. नेव्ह घामानं भिजून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "पुन्हा घेऊ, पुन्हा घेऊ." लेनकडं तो बघायचा तेव्हा लेन तारा पुसत बसायचा.

तिसऱ्या दिवशी नेव्ह जेवायला बाहेर गेला असताना लोमॅक्सनं तिघांना बसवलं.

"ड्रमवाल्याला ताल नाही. मी दुसरा बघितलाय."

"नेव्हला ताल नाही?" डेरेक हसला. "अहो, अख्ख्या परगण्यात तसा ताल कुणाला नाही."

"मग हे दोन दिवस काय ऐकतोय मी?" लोमॅक्स म्हणाला. "आणि खरं सांगू का, बेसबद्दलही कंपनीवाले नाराज आहेत. पण एका वेळी एक."

एवढ्यावर लेननं एकच वाक्य बोलायला हवं होतं. त्याला मी दिसेन असं बसवा, बस्स. तेवढ्यानं काम झालं असतं. नेव्हनं बोलू नकोस म्हटलं होतं हे लेन पुढे स्वतःला सांगत राहिला, पण ते कारण नव्हतं हे त्यालाही ठाऊक होतं. 'बेसबद्दलही' हा शब्द त्याच्या छातीत बसला होता. ड्रमवाला बदलला की बेसचा विषय मागे पडेल, एवढंच त्याच्या मनात आलं. तो गप्प राहिला.

"नेव्हला सांगणार कोण?" ग्रॅहमनं विचारलं.

सगळ्यांनी लेनकडं बघितलं. "तुझ्या घरचाच आहे," डेरेक म्हणाला. "आणि तू कसा, हळू सांगशील."

लेननं खरोखरच हळू सांगितलं. रविवारी आईच्या घरी जेवण होतं, भाजलेलं मांस, बटाटे, रस्सा. एडनाबाई आणि बेरिल स्वयंपाकघरात गेल्यावर लेन ताटाकडं बघत पुटपुटला, "नेव्ह, ते लोक दुसरा माणूस घेताहेत. मी काही करू शकलो नाही." नेव्ह त्याच्या उजव्या बाजूला बसला होता, डावा कान लेनकडं. त्यानं मान हलवली, "हो, हो," म्हणाला, आणि रश्श्याचं भांडं लेनकडं सरकवलं. नेव्हला ऐकू आलं नाही की असाच 'हो, हो' म्हणायचा, हे लेनइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी लेननं स्वतःची समजूत घातली की निरोप पोचला.

मंगळवारी नेव्ह काठ्या बगलेत मारून रोबकमध्ये आला. मी ग्लास पुसत होते. मला म्हणाला, "काय गं, आज चुन्याची बिअर नको, साधी दे." आणि जिना चढला. वर ड्रम वाजतच होते. त्याला ते ऐकू आले नसणार, नाहीतर तो अर्ध्या जिन्यातच थांबला असता. दार उघडलं, तर त्याच्या ड्रमवर लंडनचा कुणी पोरगा बसलेला. आवाज बंद पडला. खाली आम्ही सगळे छताकडं बघत राहिलो. जरा वेळानं नेव्ह खाली आला. मी काढून ठेवलेली बिअर तशीच होती. त्यानं माझ्याकडं बघून, जणू चूक त्याचीच असल्यासारखं, हात वर केला आणि निघून गेला. लेन त्याच्या मागे जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आला होता. तिथून खाली उतरला नाही.

रेकॉर्ड निघाली ती गाजली. त्या लंडनच्या पोरानं नेव्हचेच ठेके जसेच्या तसे उचलले होते, फक्त मखमलीत गुंडाळून. टीव्हीवर कार्यक्रम झाले, जर्मनीत झाले, अमेरिकेत मोठ्या बँडांच्या कार्यक्रमाआधी वाजवून आले. गावात मात्र लोक म्हणायचे, नेव्ह फॉक्सॉल बिचारा, घणापाशी बरा होता, पण मोठ्या ठिकाणी ताल राहिला नाही त्याचा. नेव्ह हे ओठांवरून वाचायचा की नाही, कोण जाणे. तो परत त्याच घणापाशी गेला. बेरिलनं भावाशी बोलणं टाकलं. मी रविवारी जेवतानाच सांगितलं होतं, असं लेन म्हणाला, तर दारातून एकदाच म्हणाली, "तू त्याला ताटावर बसवून बँडमधून काढलंस, आईच्या ताटावर," आणि दार लावलं.

लोमॅक्सला मात्र कळलं की लेनच्या हातून हे काम बिनबोभाट होतं. दोन वर्षांनी डेरेकचा आवाज बसायला लागला, तेव्हा हॅम्बुर्गच्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला लेनला त्याच्या टेबलाशी पाठवलं. डेरेकनं पावावर लोणी लावता लावता मान वर केली आणि म्हणाला, "तू आलास? म्हणजे कळलं." लेनला तोंडही उघडावं लागलं नाही. मग नव्या गायकाचं आणि ग्रॅहमचं जुंपलं. ग्रॅहमला काढल्याचं लेननं दवाखान्यात जाऊन सांगितलं, ग्रॅहम पाय मोडून पडलेला असताना. ग्रॅहमनं नावावरून कोर्टात खेचलं आणि स्वतःचा वेगळा मार्लहोल काढला, त्यामुळे एकाच उन्हाळ्यात दोन मार्लहोल देशभर फिरत होते आणि दोघंही खोटे वाटत होते. ड्रमवाले तर इतके झाले की लेनला त्यांची नावं आठवेनात. वाद्यं उचलणारी माणसं आपसात म्हणायची, "लेन चहा विचारायला आला तर पिऊ नका रे, सामान बांधा."

हे लेनच्या कानावर गेलं होतं. तो त्यावर हसायचा, आणि मग खोलीत जाऊन अंथरुणावर बूट घालूनच बसून राहायचा. हे त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, "प्रत्येकाच्या तोंडून मला नेव्हचं 'हो, हो' ऐकू यायचं."

शेवटी जुन्यातला एकटा लेन उरला. स्केगनेसच्या किनाऱ्यावर सुट्टीवाल्यांच्या छावणीत, दुपारच्या बिंगोनंतर त्यांचा कार्यक्रम. एका बाईनं त्याला विचारलं, "तुमच्यातला खरा जुना कोण हो?" लेननं पलीकडच्या ड्रमवाल्याकडं बोट दाखवलं आणि स्टेजमागे निघून गेला. त्याच हंगामात कीबोर्डवाला नवा मुलगा त्याच्याकडं आला, कान लाल झालेले, दोन कप चहा घेऊन. लेननं एक कप घेतला आणि म्हणाला, "कळलं बाळा, आज मला काढायचंय. त्यांना सांग, तुझं काम मीच सोपं केलं."

तो गावी परतला आणि आईच्या घरात राहायला लागला. एडनाबाई गेल्या होत्या. लाकडाच्या वखारीत काम धरलं. रोबकमध्ये यायचा तो दुपारी, रिकाम्या वेळी, आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा. लोक त्याच्याशी नीट बोलायचे, तेच त्याला सोसायचं नाही.

नव्वद साली फोर्ज बंद पडला. शेवटची पाळी संपवून सगळे दुपारीच रोबकमध्ये आले. बायकांनी सँडविचं केली होती, बेरिल ताटं फिरवत होती. नेव्ह काउंटरपाशी बसला होता, आता दोन्ही कानांनी जवळपास बहिरा. लेन आत आला तो माझ्या मते चुकून. एवढी गर्दी बघून परत फिरणार, तोच नेव्हनं शेजारचं स्टूल पायानं सरकवलं.

लेन बसला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो ग्लासात बघत बोलला. मी समोरच होते, तरी मला जेमतेम ऐकू आलं. "माझं चुकलं, नेव्ह."

"काय?" नेव्ह म्हणाला. "वर बघ, आणि मोठ्यानं बोल."

"माझं चुकलं."

"अरे मोठ्यानं! बहिरा आहे मी!"

आजूबाजूचे वळून बघायला लागले. लेनचे कान पेटले. ज्या माणसाला चार जणांसमोर उभं राहवत नव्हतं, तो स्टूल धरून ओरडला, "मला माहीत होतं! तुला ऐकू येत नाही, माझ्या खांद्याकडं बघून वाजवतोस, हे मला माहीत होतं! भिंत होती म्हणून चुकत होतास! मी एक शब्द बोललो असतो तर तू राहिला असतास! मला माझी जागा जाईल अशी भीती वाटली! आणि जेवताना मी डाव्या कानाशी बोललो! मुद्दाम बोललो!"

बेरिलच्या हातातलं ताट तसंच. तिला तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं, नवऱ्याचे कान इतक्या आधी गेले होते हेसुद्धा नाही. तिनं ताट खाली ठेवलं, कोट घेतला आणि बाहेर पडली.

नेव्हनं बिअरचा घोट घेतला. "आत्ता पहिल्यांदा पुटपुटलास तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "घणापाशी सगळेच ओठ वाचायला शिकतात."

"मग हे ओरडायला का लावलंस?" लेननं विचारलं.

"मला नको होतं ते. यांना हवं होतं." नेव्हनं मानेनंच सगळा पब दाखवला. "अठरा वर्षं म्हणताहेत नेव्हला ताल नव्हता. आता म्हणून बघू देत की."

लेन काउंटरवर डोकं टेकून रडला, आणि कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मी पण नाही. नेव्हनं त्याची बिअर त्याच्याजवळ सरकवून ठेवली, एवढंच.

त्यानंतर महिनाभर लेन दिसला नाही. वखारीतून घरी, घरून वखारीत, तेही मागच्या वाटेनं. मग बेरिल स्वतः त्याच्या दारात गेली. तिचा राग गेला नव्हता, जायचाही नव्हता. नवऱ्यावरही ती चिडलेलीच होती, मला सांगितलं नाहीस म्हणून. ती म्हणाली, "रविवारी जेवायला ये. माझ्याशी बोलू नकोस, मला नाही ऐकायचं. त्याच्याशी बोल. दिवसभर कुणी बोलत नाही त्याच्याशी, लोकांना कंटाळा येतो."

लेन गेला, आणि जात राहिला. नेव्ह असेपर्यंत दर रविवारी. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की फॉक्सॉलांच्या गल्लीत सगळ्यांना ऐकू यायचं, लेन रेबोल्ड फुटबॉलबद्दल, पावसाबद्दल, वखारीतल्या ओल्या लाकडाबद्दल घसा फोडून ओरडतोय. येणारे-जाणारे हसायचे. रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा त्यानं कंपनीला खूप विनवलं, ठेके नेव्हचे आहेत, त्याचं नाव घाला. त्यांनी नाही घातलं. ते सांगायला तो गेला त्या रविवारी मात्र खिडकीतून काहीच ऐकू आलं नाही; नेव्हकडं तोंड करून त्यानं ते नुसत्या ओठांनी सांगितलं असणार.