अळणी दोदोल
नारळाच्या रसात गूळ आटायला लागला की त्या वासाबरोबर मला आईची एक दुपार आठवते. शेजारची ख्रिस्ती काकी दर नाताळाला आमच्याकडे ताटभर गोडधोड, त्यात दोदोल नावाची काळी मऊ वडी, पाठवायची, पण त्या वर्षी तिचा नवरा वारला आणि तिच्या घरी गोड शिजलं नाही, की माळ्यावरचा कागदी तारा खाली उतरला नाही. नाताळ नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला होता. महालक्ष्मीची पूजा आटोपल्यावर आई म्हणाली, "औंदा ताट आमच्या घरातसून जातला," आणि जन्मात कधी न केलेला दोदोल तिने चुलीवर चढवला. तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस ती धुरात बसून दुपारभर ढवळत राहिली. संध्याकाळी आम्ही दोघी ताट घेऊन गेलो. काकीने एक तुकडा तोंडात घातला आणि ती म्हणाली, "मीठ इसारलंस गो. चाखलंस नाय?" आई म्हणाली, "आज गुरवार मा. उपास आसा माझो." काकीने आईच्या धुराने लाल झालेल्या डोळ्यांकडे बघितलं. मग तिने मुलाला हाक मारली, "माळ्यावरचो तारो काढ रे." ताऱ्यातला दिवा लागल्यावर आईने त्याच्या उजेडात, काकीच्या हातून, तोच अळणी तुकडा खाऊन उपास सोडला. आता माझी मुलगी देवाधर्माचं काही विचारते, तेव्हा मी ताठ मानेने तिला आईचा तो फसलेला दोदोल सांगते.