कणसाचे अर्धे पान

कोयत्याच्या त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मी आरामखुर्चीत पुढे सरकून बसतो. बायको म्हणते, "झालं सुरू." होऊ दे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण छातीत तशी धडधड फार थोड्या वेळा झाली. आणि गंमत म्हणजे हे प्रकरण माझ्या टेबलावर आले, तेव्हा मीच ते आल्या पावली परत पाठवले होते.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यात, हायवेलगतच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त नुकताच उरकला होता आणि सगळे ठाणे झोपेला आलेले. अशा दुपारी पन्नाशीची एक बाई आली आणि फडक्यात गुंडाळलेले दोन कोयते तिने माझ्यासमोर ठेवले. ठाणे अंमलदार खुर्चीतून उडालाच. कोयता घेऊन ठाण्यात आलेला माणूस बहुधा काहीतरी करून आलेला असतो.

"साहेब, ह्यातला एक माझा हाय आन् एक न्हाई," बाई म्हणाली. "छाप मातुर दोन्हीवर माझीच. हातात घिऊन बगा तरी."

उंब्रजच्या बाजूला तिची भट्टी होती. नवरा वारल्यावर दोन कारागीर हाताशी धरून तिने ती चालू ठेवली होती. ऊसतोडीचे कोयते हाच धंदा. प्रत्येक पात्यावर ज्वारीच्या कणसाचा ठसा असायचा, आणि तोडणीच्या टोळ्या ते कणीस बघूनच कोयता उचलायच्या. आता बाजारात कुणीतरी तेच कणीस मारून हलके कोयते विकत होते.

मी कोयते हातात घेतले नाहीत. "बाई, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा," म्हणालो, अदखलपात्र नोंद करून घ्यायला सांगितली आणि चहा मागवला. पोलिसांच्या तोंडी हे वाक्य इतके बसलेले असते की समोरच्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत ते बाहेर पडते.

आठवड्याने बाई परत आली. या वेळी तिच्याबरोबर माण तालुक्यातला एक मुकादम होता. त्याच्या टोळीतल्या एका माणसाने नवा कोयता बांधावरच्या झाडावर चालवून पाहिला, तर पाते मध्येच मोडले आणि त्याच्या हातात घुसले. दोन बोटे वाकेनाशी झाली होती. कोयता कणसाच्या छापाचा.

"मावशे, तुज्या मालकाच्या येळंपास्नं आमी दुसऱ्याचा कोयता धरला न्हाई," मुकादम माझ्यादेखतच तिला म्हणाला. "पर आता गडी नगं म्हणत्यात. मी काय करू?"

टोळ्या दिवाळीच्या आधी एकदाच कोयते घेतात आणि कारखान्यावर निघतात. त्या चार-पाच आठवड्यांत बाईचे वर्ष ठरायचे. यंदा मुकादम फिरले तर भट्टी बंद, आणि भट्टी बंद झाली ती वाईट कोयते केले म्हणून, असेच लोक म्हणणार. ती रडली नाही. "भट्टी गेली तर जाऊ दे," म्हणाली, "पर त्येच्या बोटांचं खापर माज्या मालकाच्या नावावर नगं."

मला आता लाज वाटू लागली होती. मी विचारले, "या छापाचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

"हाय की. ट्रेडमार्कचा. मालकांनी मरायच्या आदी काढला हुता. त्येंच्या फोटूमागं लावलाय."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"आवं साहेब, तुमी इचारलंत कुठं?"

अंमलदार मान खाली घालून हसला. हसू दे, त्याचा हक्क होता.

तो कागद घेऊन मी आमच्या सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी माझी चांगली शाळा घेतली. नोंदणी झालेल्या चिन्हाची नक्कल करणे आणि तसा माल विकणे हा दखलपात्र गुन्हा आहे, हे त्यांनी कायदा उघडून दाखवले. पण झडती आणि जप्ती उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायची, आणि त्याआधी ट्रेडमार्कच्या निबंधकांचे मत घ्यायचे. मी निरीक्षक. भावनेच्या भरात धाड घातली असती, तर आरोपीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला सगळा मुद्देमाल त्याच्या घरी पोचवला असता.

"आणि बाईंना दिवाणी दावाही लावायला सांगा," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही माणूस पकडाल, पण माल विकायचा थांबवायला मनाई हुकूम लागतो. नुकसानभरपाईही तिथेच मागता येते. आणि तिचा धंदा इथला आहे ना, मग दावा साताऱ्यातच चालेल. दुसऱ्याच्या गावी खेटे नकोत."

"आणि नोंदणीचा कागद नसता तर?"

"तरी दिवाणी रस्ता उघडाच असतो. आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही. फक्त नाव तिचे आहे, हे शाबीत करायला जास्त घाम गाळावा लागतो."

म्हणजे माझे "कोर्टात जा" अर्धे बरोबर होते. पण अर्धे बरोबर सांगून बाईला मी पुरते चुकीच्या वाटेला लावले होते.

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. बाईच्या वकिलांनी दावा दाखल केला. आता माल येतो कुठून, हा प्रश्न राहिला. हायवेवरच्या टेंपोवाल्यांत माझा एक खबऱ्या होता. चहा घेतल्याशिवाय त्याला काही आठवत नसे. दुसऱ्या कपाला त्याला आठवले.

"मिरजंच्या भाईर एक शेड हाय, साहेब. कोयतं तितं येत्यात ती कोरी. तितनं भाईर पडत्यात ती कणसाची."

मी उठून उभाच राहिलो. कोरे कोयते जातात आणि छापाचे निघतात, म्हणजे ठसा त्या शेडमध्येच असणार. ठसा हाती लागला तर सगळेच हाती लागले.

निबंधकांना पत्र गेले आणि वाट पाहणे सुरू झाले. रोज सकाळी हजेरी झाली की मी संगणकावरच्या हवालदाराच्या मागे जाऊन उभा राहायचो. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मेल आला की मीच पळत येतो." आठव्या दिवशी तो खरेच पळत आला. मत आमच्या बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उपअधीक्षक मॅडम, मी, चार कर्मचारी आणि दोन सरकारी पंच निघालो. स्टेशन डायरीला नोंद केली, मिरजेच्या ठाण्याला कळवून त्यांचा एक माणूस बरोबर घेतला. शेडपासून थोडे अलीकडे उतरलो आणि आवाज ऐकू आला. ठक. थोडे थांबून पुन्हा ठक. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. आत छापच मारत होते. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीच्या पत्राने झाला नव्हता.

दार ढकलले तेव्हा प्रेसवरच्या कामगाराचा हात दांड्यावरच होता. ठसा प्रेसमध्ये, एका बाजूला कोरे कोयते, दुसऱ्या बाजूला कणसाचे. पंचांसमक्ष मोजणी, चित्रीकरण, सीलबंदी, सगळे मॅडमनी स्वतः उभे राहून करून घेतले.

मालक मात्र जराही गडबडला नाही. गोड बोलणारा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. खुर्च्या मागवल्या, पाणी दिले. मग भिंतीवरचा फोटो दाखवत म्हणाला, "साहेब, हा छाप आमच्या वडिलांचा. त्यांचंही दुकान होतं. त्या बाईच्या नवऱ्यानं नोंदणी केली असेल, पण वापर आमचा आधीचा."

वकीलसाहेबांनी नेमका याच बचावाचा इशारा दिला होता. नोंदणीच्या आधीपासूनचा वापर शाबीत झाला, तर आमचा खटला लंगडा होतो.

ठाण्यात दोन तास चौकशी केली. आवाज चढवून उपयोग नव्हता. खोटे बोलणाऱ्याला मी नेहमी बोलू देतो, त्याला स्वतःचेच बोलणे आवडू लागते. मी विचारले, "वडिलांच्या वेळचा ठसा आणि हा, काही फरक?"

"रेघेचा फरक नाही. वडिलांचा जसा होता तसाच करून घेतलाय."

जप्त केलेला ठसा ओळखण्यासाठी मी बाईला बोलावून घेतले. पंचांसमोर सील उघडले. तिने ठसा उजेडात धरला, भिंगातून पाहिला आणि बाकावर बसली.

"साहेब, ह्यो माज्या कोयत्यावरनंच काडलाय. हे पान बगा. अर्दं हाय का न्हाई? हे पान मी मोडलंय."

नवरा गेल्यावर, दिवसकार्य उरकून, तिने पहिल्यांदा भट्टी पेटवली होती. नवऱ्याने स्वतःच्या हाताने घडवलेला ठसा घेऊन पहिलाच घाव घातला तो तिरका बसला, आणि कणसाखालच्या डाव्या पानाचा तुकडा उडाला. कारागीर म्हणाले, नवा करून घेऊ. तिने ऐकले नाही. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कोयत्यावर ते पान अर्धेच उमटत होते. तिचा कोयता मशीनवर धरून नक्कल करणाऱ्याने काम इतके चोख केले होते की मोडसुद्धा उतरवली होती.

मला टेबलावर हात आपटावासा वाटला. त्याच पावली आत जाऊन त्या गोड माणसाला पान दाखवावे, असे फार वाटले. पण पोलिसांपुढे दिलेला जबाब कोर्टात टिकत नाही. आता दाखवले असते, तर त्याने रात्रीत वडिलांच्या ठशाचेही पान मोडले असते. मी बाईला म्हणालो, "हे फक्त तुमच्या वकिलांना सांगा. त्याचे लेखी उत्तर दाखल होईपर्यंत गप्प राहायचे."

त्यानंतरचे काही दिवस मला जेवण गोड लागले नाही. बायकोला वाटले, साखर वाढली. मग एका सकाळी बाईच्या वकिलांचा फोन आला. आरोपीने कोर्टात शपथेवर लिहून दिले होते: वडिलांच्या काळापासून ठसा जसाच्या तसा, रेघेचाही बदल नाही. मी फोनवर ते वाक्य त्यांना दोनदा वाचायला लावले.

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. बाईच्या वकिलांनी तीन कोयते मांडले. एक मुकादमाने जपून ठेवलेला, नवऱ्याच्या काळातला, पुऱ्या पानांचा. एक बाईचा आत्ताचा, आणि एक शेडमधला. या शेवटच्या दोन्हींवर पान अर्धे, मोड एकाच जागी. न्यायाधीशांनी भिंग मागवले. मग त्यांनी समोरच्या वकिलांना विचारले, "तुमच्या अशिलाच्या वडिलांच्या ठशाचे पानही नेमके इथेच मोडले होते काय?"

त्याच दिवशी मनाई हुकूम झाला. विक्री बंद, दुकानांत गेलेला मालही परत घेऊन कोर्टात जमा करायचा. फौजदारी खटला पुढे सावकाश चालला आणि शिक्षा झाली, पण खरा निकाल बाईला कोर्टाच्या पायऱ्यांवरच मिळाला.

"मावशे," मुकादम म्हणाला, "कोयतं कवा न्हिऊ? सगळ्या टोळीचं. आन् त्यो बोटं कापलेला गडी हाय न्हवं, त्येनं सांगितलंय, माझा कोयता मावशीकडनंच आना."

तेवढ्यावर मात्र बाईने पदर डोळ्यांना लावला.

या प्रकरणाने मला कायदा शिकवला, हे खरे. त्यानंतर कुणा धंदेवाल्याला कागद पाहिल्याशिवाय मी "दिवाणी मामला" म्हणालो नाही. पण मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. बाईने पहिल्या दिवशी दोन्ही कोयते माझ्यासमोर ठेवले होते. ते पान तेव्हाही अर्धेच होते. मी कोयता उचलून दोन प्रश्न विचारले असते, तर पान कधी मोडले ते बाईने तिथेच सांगितले असते आणि तपास आठवडाभर आधी सुरू झाला असता. त्या माणसाची बोटे त्याच आठवड्यात निकामी झाली.

नोकरीत असताना बाईने देऊ केलेला कोयता मी भेट म्हणून कधी घेतला नाही. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दारात उभी होती, फडक्यात गुंडाळलेला एक कोयता घेऊन.

"आता तरी हातात घिऊन बगा, साहेब," ती म्हणाली.

मी घेतला आणि चष्मा लावून नीट पाहिला.