बस्ता आत्या आणि विजेची गाडी

माझी आत्या दुकानात शिरायची ती बाहेर कधी पडायचं हे ठरवून. भाव ऐकायचा, हसायचं, गुडघ्यावर हात टेकून उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. 'वळून बघितलं की गेलं,' ती म्हणायची. तिच्या अनुभवाप्रमाणे सातव्या पावलाला दुकानदाराची हाक यायची, आणि यायचीच. 'अहो आत्या, बसा तरी!' मग अगदी नाइलाज झाल्यासारखी ती परत फिरायची आणि मनात धरलेल्या भावाला माल घेऊन घरी यायची.

बोरी बुद्रुकच्या आमच्या भावकीत लग्न ठरलं की मुहूर्ताआधी आत्याची सवड विचारली जायची. कारण बस्ता. नवरानवरीपासून मानापानाच्या माणसांपर्यंत सगळ्यांचे कपडे दोन्ही घरांनी मिळून एका दिवसात, एकाच दुकानातून घ्यायचे, याला आमच्याकडे बस्ता बांधणं म्हणतात. पिकअप भरून माणसं जातात. दुकानदार चहा पाजतो, खरेदी मोठी असली तर जेवू घालतो. आत्याने असे किती बस्ते बांधले ते तिलाही सांगता आलं नसतं. तिचं खरं नाव विचारलंत तर गावातली निम्मी माणसं डोकं खाजवतील. बस्ता आत्या म्हटलं की घरापर्यंत आणून सोडतील.

तिची आणखी एक खोड होती. दुकानदार गठ्ठ्यातून साड्या उलगडत बसायचा आणि ही बोट दाखवायची काचेतल्या बाहुलीच्या अंगावरच्या साडीकडे. 'ती काढ.' दुकानदार म्हणायचा, 'आत्या, ती शोची आहे.' आत्या म्हणायची, 'मंग काय झालं? लोकांनी नुसती बघितली. बघून साडी झिजती व्हय?' बाहुली उघडी पडायची आणि साडी कमी भावात आमच्या घरी यायची. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, बस्त्यातला शालू असाच बाहुलीच्या अंगावरून आलाय. त्या बस्त्यात आत्याने मला मात्र बाहेर रसवंतीवर बसवून ठेवलं होतं. पहिलाच भाव ऐकून मी 'बरा आहे की' म्हणालो होतो. मी जुन्नरच्या बाजारपेठेत वह्यापुस्तकांचं दुकान चालवतो. छापील किंमत घेतो आणि कुणी सांगितली तर देतोही. भाव करणं ही कला रक्तातून उतरते म्हणतात; आमच्या घराण्यात ती माझ्या दाराशी येऊन परत गेली असावी.

तर सुनंदाची बदली झाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. इतकी वर्षं जुन्नरच्या आसपास काढल्यावर शाळा मिळाली ती तळेघरच्या पुढे, भीमाशंकरच्या अंगाला. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर, आणि एसटी म्हणाल तर ती मनात आलं तर येते. सुरुवातीचे तीन आठवडे तिने बस, जीप आणि सहकाऱ्याच्या मोटारसायकलची मागची सीट यांवर काढले. एकदा तर शेवटची गाडी चुकल्यावर खताच्या टेम्पोत बसून घोडेगावपर्यंत आली. मग तिथल्या एका बाईंनी खोली सुचवली. पत्र्याची, पण नीटनेटकी. एक तारखेच्या आत 'हो' कळवायचं होतं. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. लेक पुण्याला शिकायला, घरात मी एकटा. मी म्हणालो, 'बघ, तुझी दगदग वाचेल.' हे वाक्य मी फार समजूतदारपणे म्हणालो असं मला तेव्हा वाटलं होतं. सुनंदाने नुसती कणीक मळायला घेतली आणि बराच वेळ मळली.

दुसरा रस्ता होता गाडीचा. रोज इतकं पेट्रोल जाळणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. विजेची गाडी परवडेल असं सुनंदाने वहीच्या मागच्या पानावर सिद्ध केलं होतं. नारायणगावच्या बाहेर हायवेला एक शोरूम होतं. मी चौकशीला गेलो आणि रसवंतीवरचा तोच मी असल्याने, लहान बॅटरीची गाडी, तिच्यावर 'या महिन्यापुरती खास सूट' आणि नोंदणीचा फॉर्म एवढं घेऊन परत आलो. सही करायची तेवढी राहिली होती. ही गोष्ट बोरीला कळली. संध्याकाळी आत्याचा फोन.

'बाळू, तू एकटा गेलता?'

'हो.'

'सही केली?'

'नाही.'

'देवाची किरपा. रविवारी येतो आमी.'

आमी म्हणजे नऊ जण. आत्या, तिचा मुलगा, माझे दोन चुलतभाऊ, तिघांच्याही बायका, एक मेहुणा आणि 'विजेतलं कळतं म्हणून' गावचा एक निवृत्त वायरमन. मी आणि सुनंदा धरून अकरा. शोरूममध्ये खुर्च्या चार. प्रतीक नावाचा विक्रेता टाय लावून पुढे आला आणि एवढी माणसं बघून त्याने आधी 'कुणाचं काही झालंय का?' असं विचारायचं असल्यासारख्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं.

'या मावशी, बसा,' तो म्हणाला.

'मावशी न्हाई, आत्या. मावशी गोड बोलती,' आत्या बसत म्हणाली. 'जेवायचं कितीला आसतं तुमच्यात?'

प्रतीकने यंत्रातून कागदी पेल्यांत कॉफी आणली. आत्याने पेल्यात डोकावून पाहिलं आणि तो वायरमनकडे सरकवला.

गाडी विकत घेण्याऐवजी दरमहा पैसे भरून वापरता येते, चार वर्षांनी परत करायची, असंही प्रतीकने समजावलं. आत्याला ते लगेच कळलं. 'म्हंजे खंडानं. राव, खंडानं घेतलेल्या रानात कुणी शेणखत घालतंय का? चार सालं पिळायचं आन् सोडून द्यायचं. आन् आमची सून आसली गाडी पुसणार बी, धुणार बी, तिला जीव लावणार. ते न्हाई जमायचं. इकतचा भाव सांग.'

त्याने सांगितला. आत्या हसली. तिने गुडघ्यावर हात टेकला, तेव्हाच आम्हा सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. आत्या दाराकडे निघाली. पाच, सहा, सात. आठ. काचेचं दार आपोआप उघडलं, आत्या बाहेर गेली, दार आपोआप मिटलं. प्रतीक संगणकाकडेच बघत होता. 'आजींना कुठे जायचंय का?' त्याने सहज विचारलं.

दहा जण आपापल्या चपलांकडे पाहत राहिलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. उभ्या गाड्यांच्या मध्ये आत्या पाठमोरी उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. तिचा मुलगा हाक मारायला उठला, तर त्याच्या बायकोने त्याला खाली बसवलं. आमच्यात हाक दुकानदाराने मारायची असते. घरच्याने मारली तर ती हार. पाव तास गेला असेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत्या बिनहाकेची परत आली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, 'पानी प्यायचं राह्यलं व्हतं.'

कुणीही हसलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, 'दादा, तुमचा भाव ठरवतं कोण?'

'कंपनी, आत्या. सिस्टीमलाच असतो. मला रुपयाही कमी करता येत नाही.'

'म्हंजे तुला हाक मारायचा आधिकारच न्हाई.'

'नाही.'

'मंग आदी सांगायचं व्हतं रे. ऊन लागलं ना मला.' तिने पदराने कपाळ पुसलं. 'बरं, तुझ्या हातात काय हाय?'

'टेस्ट ड्राइव्ह देऊ शकतो. बायपासपर्यंत जाऊन येऊ.'

'सून बायपासला शिकवती व्हय? तळेघरला ने.'

प्रतीक म्हणाला, इतक्या लांब नेत नाहीत. आत्या म्हणाली, ती थांबेल, तिला घाई नाही, सोबत दहा माणसं आहेत आणि त्यांनाही नाही. प्रतीकने त्या दहा माणसांकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन साहेबांची परवानगी आणली.

मी पसंत केली होती तीच लहान बॅटरीची गाडी, पूर्ण चार्ज केलेली. सुनंदा चालवायला, शेजारी प्रतीक, मागे आत्या, मी आणि वायरमन. 'भरलेली बघायची. मोकळी काय, कुनी बी पळवतंय,' आत्या म्हणाली. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसू लागलं, चढ लागला. काट्याऐवजी टक्क्यांचा आकडा होता आणि तो चढावर असा उतरत होता की मी बाहेरची झाडं बघायला सुरुवात केली.

तळेघरच्या जरा पुढे एका वळणावर आत्या म्हणाली, 'हितं थांबव जरा.' रस्त्याच्या कडेला पत्र्याचं जुनं खोपट होतं, दाराला कुलूप. आत्याने काच खाली घेतली, पण उतरली नाही.

'ही यांची खोली,' ती म्हणाली. आत्याचे यजमान त्या भागातल्या एका आश्रमशाळेत शिपाई होते, एवढंच मला ठाऊक होतं. 'नऊ सालं व्हते हितं. बाजाराच्या दिशी घरी यायचे. मी दोनदाच आले. खोली केली का मानूस हळूहळू खोलीचं व्हतं, सुनंदा. मंग घरी आलं तरी पाहुण्यावानी बसतं. पानी बी मागून पितं.' तिने काच वर केली. 'चल, वळव गाडी.'

सुनंदाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा झाडांकडे वळलो.

उतारावर मात्र गंमत झाली. आकडा दोन टक्क्यांनी वाढला. 'आता ही काय खातीया?' आत्याने विचारलं. ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, असं वायरमनने सांगितलं. 'म्हंजे उतारानं रवंथ करती,' आत्या म्हणाली आणि गाडीबद्दल तिला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलेलं दिसलं.

शोरूमच्या दारात आकडा होता नऊ. प्रतीक खूश. 'बघा आत्या, पोचली ना!'

'पोचली. आज ती कोरी हाय आन् रस्ता बी कोरडा. पावसाळ्यात दरड पडून वळसा पडला तर? पाच सालांनी दम कमी व्हईल तवा? तवा ही सुनंदाला घाटात बसवून ठिवील.' मग ती माझ्याकडे वळली. 'बाळू, सूट कशावर घ्यावी ते बी कळाया पायजे. मुंडाशाचा एक येढा कमी घेतला तर चालतंय. धोतर आखूड घेऊन न्हाई चालत.'

मी म्हणालो, मोठ्या बॅटरीची गाडी आपल्याला झेपणार नाही. आत्या दाराबाहेर बघत होती. मघाशी उन्हात पाव तास उभं राहून तिने काही तरी पाहून ठेवलं होतं. 'ती पांढरी कुनाची? बाकीच्या गाड्यांव गिऱ्हाइकांची नावं हायत, तिच्याव तुमचंच नाव हाय.'

'ती मोठ्या बॅटरीची डेमो गाडी, आत्या. लोकांना दाखवायला.'

'लोकांनी नुसती बघितली.'

'थोडी फिरवलीयसुद्धा.'

'किती?'

प्रतीकने आकडा सांगितला. तो सुनंदाच्या दीड-दोन महिन्यांच्या फेऱ्यांएवढाही नव्हता. बॅटरीची हमी? जवळजवळ पूर्ण शिल्लक, कंपनीची, लेखी. विकता का? प्रतीक पुन्हा आत गेला. या वेळी त्याला बराच वेळ लागला. बाहेर आला तो साहेबांना घेऊनच. नवीन डेमो गाडी यायचीच होती. ही देता येईल. मोठ्या बॅटरीची गाडी लहान गाडीपेक्षा थोड्याच जास्त किमतीत पडत होती. आत्याने हमीचा कागद वायरमनकडून दोनदा वाचून घेतला, घरी चार्जर बसवून देण्याचं त्याच कागदावर लिहून घेतलं, आणि मग म्हणाली, 'आता सही कर.' आम्ही बाहेर पडलो तेव्हा उरलेल्या मंडळींच्या हातात शोरूमने मागवलेले वडापाव होते. 'बस्ता झाला म्हणायचा,' मेहुणा म्हणाला. सुनंदाने त्याच दिवशी खोलीवाल्या बाईंना 'नको' म्हणून कळवलं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गाडीत मी फारसा बसलेलो नाही. ती रोज घाटात असते.

गेल्या थंडीत आत्या अंथरुणाला खिळली. एका शुक्रवारी सुनंदा शाळेतून थेट बोरीला गेली, दोन दिवस सेवेला राहीन म्हणून. आत्याने डोळे उघडून विचारलं, 'आज हिकडं कशी?'

'राहायला आलेय, आत्या.'

'बाळू घरी हाय?'

'आहे.'

'गाडीत वीज हाय?'

'आहे.'

'मंग हितं काय करती? उजेड हाय तवर नीघ.'

सुनंदा उजेड असतानाच घरी आली आणि तिने हे मला सांगितलं. मी चहा केला. पुढच्याच आठवड्यात आत्या गेली.

आता तळेघरकडच्या एका शाळेत नवीन शिक्षिका आल्यात, बाविशी-तेविशीतल्या. त्यांनी सुनंदाला खोलीबद्दल विचारलं. सुनंदाने त्यांना खोलीचा पत्ता दिला नाही. घोडेगावच्या चौकात किती वाजता उभं राहायचं ते सांगितलं. मग आरोग्य केंद्रातल्या एक सिस्टर यायला लागल्या. मग आणखी एक बाई. मागची सीट भरून रोज सकाळी वर जाते आणि संध्याकाळी भरूनच खाली येते. मी परवा जरा शहाणपणाने म्हणालो, 'इतकं वजन वाहिलं तर बॅटरी लवकर उतरेल.'

'उतरू दे की,' सुनंदा म्हणाली. 'सगळ्या घरी पोचतात ना?'

काल गाडी एकोणीस टक्क्यांवर घरी आली. मागच्या सीटवर कुणाचा तरी जेवणाचा डबा राहिला होता. सुनंदाने तो घासून पुसून ओट्यावर पालथा घातला, सकाळी न्यायला.