मावसाजींचे डबल अंडे

भंडारा जिल्ह्यात अंडी खाणारे पुष्कळ आहेत, पण अंड्याचा मान राखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. आम्ही भाचरं त्यांना मावसाजी म्हणतो. तसं पाहिलं तर त्यांचं सगळं सानगडी गावच त्यांना मावसाजी म्हणतं. ज्यांच्याशी काडीचं नातं नाही असे लोकही त्यांना रस्त्यात थांबवून 'काय मावसाजी, औंदा किती?' असं विचारतात, आणि हा प्रश्न धानाच्या पोत्यांबद्दल नसून अंड्यांबद्दल आहे, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण अंड्याचा विषय निघाला की ते बाजेवर ताठ होऊन बसतात. एका कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात त्यांची सारी नोकरी गेली. तिथला म्हातारा खानसामा नाताळच्या पार्टीला साहेबलोकांसाठी एक पदार्थ करायचा. उकडलेल्या अंड्याचे उभे दोन भाग करायचे, आतला पिवळा बलक काढून मोहरी, मलई, हिरवी मिरची आणि लिंबू घालून घोटायचा, आणि पुन्हा त्या पांढऱ्या वाटीत भरून वर लाल तिखटाची चिमूट सोडायची. नाव 'डेव्हिल्ड एग'. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ आणतात, शाल आणतात. मावसाजी गावी येताना एवढा एक पदार्थ घेऊन आले.

साहेबलोकांचा नाताळ, तशी आपली मंडई, असा त्यांनी हिशेब लावला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटकाचा मंडप पडतो, आणि घरोघरी एवढे पाहुणे येतात की स्वतःच्याच घरात बसायला जागा शोधावी लागते. जेवणाआधी ओसरीवर बसलेल्या या पाहुण्यांच्या हातात मावसाजींनी पहिल्या वर्षी आपल्या अंड्यांची ताटली ठेवली. 'डेव्हिल्ड' हा शब्द ओसरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जाईस्तोवर 'डबल' झाला. सिहोऱ्याचे त्यांचे व्याही, म्हणजे मोठ्या मुलीचे सासरे, हातातला तुकडा उलटसुलट करून म्हणाले, "अवो इवाई, डबल मनता अन् अर्धाच देता! बाकीचा दीड कोठी गेला?" ओसरी खदखदून हसली आणि त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलंच. मावसाजींनी ते कधी सुधारलं नाही. का, ते त्यांनी फार पुढे मला एकटीला सांगितलं. गावातल्या एका मास्तरांनी त्यांना डेव्हिल म्हणजे सैतान हे समजावून दिलं होतं. "तुह्या मावशीले कळलं का मी आंगनात सैतान शिजवून राहिलो," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तर अंड्यासंगं मलेही घराबाहेर काढन. डबलच बरं हाय."

ही भीती अगदीच खोटी नव्हती. मावशीनं लग्नाआधीच गुरूचा उपदेश घेतलेला. मांस-मच्छी, अंडं तिच्या स्वयंपाकघरात येणं तर सोडाच, त्यांचं नावही निघत नाही. अंड्याला ती 'ते' म्हणते. 'ते आनलं काय?', 'ते झाकून ठेवा', एवढ्यावर भागतं. मावसाजींची चूल मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली. त्यांचं पातेलं वेगळं, सुरी वेगळी, मिठाची बरणीसुद्धा वेगळी. वाळवण घालायला जाताना मावशी त्या चुलीला वळसा घालून जायची. भांडण मात्र कधी नाही. आणि मावशीचा दुसरा विशेष असा की तिनं आजवर कशालाही चांगलं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या लग्नातला शालू सगळ्या बायका हात लावलावून वाखाणत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "रंग उतरते ह्याचा." आणि पहिल्याच धुण्यात तो उतरला. तिला खोटं बोलता येत नाही, आणि दुसऱ्याचं खोटं तिच्यापुढे टिकत नाही.

मावसाजींची अंड्याची खरेदी हा एक सोहळाच असायचा. मंडईच्या आठ-दहा दिवस आधी ते बाजारात जात आणि अंडेवाल्यापुढे उकिडवे बसून अत्यंत अदबीनं विचारत, "शिळे हायेत काय?" नवा अंडेवाला यावर हमखास चिडायचा. आपला माल सकाळचाच आहे, अशी तो देवाशपथ घ्यायचा, आणि मावसाजी तितक्याच हमखास उठून पुढच्या दुकानी जायचे. ताज्या अंड्याचं टरफल पांढरी वाटी फाडून निघतं आणि आठवडाभराचं अंडं गुमान सोललं जातं, हे त्यांना खानसाम्यानं शिकवलेलं. पण एवढं सगळं बाजारात उभ्यानं कोण ऐकणार? शेवटी एका अंडेवाल्यानं हात जोडून म्हटलं, "मावसाजी, तुमी आठ दिवस आधी या. ताजे घेऊन जा. घरी नेऊन तुमच्या हातानं शिळे करा." तेव्हापासून ते तसंच करू लागले.

उकडण्याची वेळ ते घड्याळावर मोजत नसत. मावशी दुपारी आत पोथी वाचायची, तिचा आवाज खिडकीतून अंगणात यायचा. पाण्याला आधण आलं की पोथीची तीन पानं मोजायची, ती संपली की पातेलं खाली. हे मावशीला काही वर्षांनी कळलं. आपल्या पोथीवर 'ते' शिजतंय म्हटल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी तीन पानं अशी झपाझप वाचली की मावसाजींची दोन डझन अंडी कच्ची निघाली. पुढल्या वेळी मात्र ती आपल्या नेहमीच्या लयीत वाचत होती, आणि तिसरं पान संपल्यावर थोडं मोठ्यानं खाकरली. मग ती अंडी ते शिवणाच्या दोऱ्यानं कापायचे, सुरीनं नाही. दोरा अंड्यातून जात असताना अंगणात कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. प्रत्येक अर्ध्या भागाच्या पाठीची एक पातळ चकती काढायचे, म्हणजे तो ताटलीत नीट बसतो. "बसल्यावरच तर तो पाहुन्यापुढे शोभते," असं ते म्हणत. सारण घोटून झालं की करंगळी बुडवून जिभेवर लावायची, डोळे मिटायचे, आणि मान हलली तरच पुढचं काम. ती मान हलेपर्यंत आम्ही सगळे खोळंबून असायचो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मावसाजींना ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. हे मात्र आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मंडईच्या दुपारी मी मदतीला मागच्या अंगणात होते. त्यांनी सारण घोटलं, करंगळी जिभेवर लावली, डोळे मिटले. मान हलली नाही. त्यांनी मीठ घातलं, पुन्हा चाखलं, पुन्हा मीठ घातलं. मग त्यांनी जन्मात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. वाटी माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाय बरं माय, बरोबर आहे काय?" मी बोट लावलं. तोंडात नुसतं मीठ. मी त्यांच्याकडे पाहिलं. परीक्षेला बसल्यासारखा तो चेहरा पाहून खरं सांगायला माझी जीभ रेटेना आणि मी म्हटलं, "एकदम झकास, मावसाजी!" वाटलं, एवढ्या वर्षांचा हात आहे, स्वतःच सावरून घेतील.

पहिली ताटली ओसरीवर गेली. सिहोऱ्याच्या व्याह्यांनी तुकडा तोंडात टाकला, जरा थांबले, कसाबसा गिळला आणि तांब्याभर पाणी प्यायले. थट्टा केली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी थट्टा केली नाही, पावसापाण्याचा विषय काढला. मावसाजी दारातून पाहत होते. ताटली तशीच उचलून ते अंगणात आले आणि चुलीशेजारच्या दगडावर बसले. म्हणाले, "तीन महिने झाले, मले कशाचीच चव समजत नाई. गोड नाई, खारट नाई. कोनाले सांगतलं नाई. वाटलं, हातानं जमन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तरी खरं सांगाचं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगते, खरं तेच सांगते, म्हणून मी गयावया केली. ते म्हणाले, "आता तू खरं मनशीन तरी मले खरं वाटनार नाई. जाय, पाहुन्याईले सांग, अंडे खराब निघाले. झालं आपलं." कमरेचं फडकं सोडून ते घडी घालू लागले. त्या 'झालं आपलं'मध्ये फक्त त्या दिवसाची अंडी नव्हती, हे मला कळत होतं. घरी आलेल्या माणसाला आपल्या हातचं काही द्यावं, एवढी एकच हौस त्या माणसानं बाळगली होती.

मावशी मागच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती वळसा न घालता सरळ चुलीजवळ आली. वाकली, सारणात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. मावसाजी ओरडलेच, "अवो, काय करून राहिली!" तिचं तोंड वेडंवाकडं झालं, पण तिनं थुंकलं नाही. म्हणाली, "मीठ लई झालं. सोलताना फाटलेले बाजूले ठेवले हायेत ना, त्याईचं पिवळं घाला. अन् लिंबू पिळा." मावसाजी दगडावरून उठेनात, म्हणून मीच सारण कालवलं. तिनं पुन्हा चाखलं. "अजून एक लिंबू." तिसऱ्यांदा चाखून ती म्हणाली, "आता द्या. मोहरी बरी हाय." मोहरी बरी आहे, हे तिच्या तोंडून निघालेलं मी ऐकलेलं पहिलं कौतुक. मग ती न्हाणीत गेली, डोक्यावरून आंघोळ केली, दुसरं लुगडं नेसली आणि आत जाऊन बसली. मावसाजी रडत होते आणि रडता रडता वाट्या भरत होते. ओसरीवर व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं. मावशी त्या दिवशी जेवली नाही. विचारलं तर भूक नाही म्हणाली.

गेल्या मंडईला मी गेले, तर चूल थंड होती. ओसरीवर कांदाभज्यांची परात फिरत होती. स्वयंपाकघरात मावशीनं मला जवळ ओढून हळूच विचारलं, "काहून नाई करून राहिले औंदा? विचार बरं. मावशी चाखून देईन मनावं. मी सांगतलं असं मात्र सांगू नको." मी मावसाजींना अंगणात गाठलं आणि, मावशी चाखून देईल की, असं आपल्या मनचंच म्हणून विचारलं. ते सीताफळाची वाळकी पानं गोळा करू लागले. मग म्हणाले, "खरं सांगनारी घरात ती एकच हाय. अन् तिले दरसाल बाटवू काय, पाहुन्याच्या अर्ध्या अंड्यापायी? एक डाव तिनं माह्यासाठी केलं, तेवढंच मले जन्मभर पुरते. तिले नको सांगू."

मी आत गेले. मावशी वाटच पाहत होती. मी म्हटलं, "यंदा बाजारात अंडी चांगली मिळाली नाहीत म्हणे." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "असन बाई, नसन भेटले," आणि भज्यांचं पीठ भिजवायला बसली.