वाल्बुर्गाने न पाठवलेले मोजे

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला रणगाडे ठेवायची बंदी होती, तेव्हापासून वाल्बुर्गाच्या गावाबाहेरच्या माळावर फौजेचा सराव चाले. मोटारींवर पुठ्ठ्याची खोकी चढवून, तेच रणगाडे समजून, शिपाई लढाई खेळत. "अहो, चूल पेटवायला आणा एखादा रणगाडा," असं ती आपल्या सुतार नवऱ्याला, कोर्बिनियनला, म्हणे.

मग लोखंडाचे आले, आणि तिचा मुलगा लोरेन्त्स त्यातल्या एकात बिनतारी संदेशवाला झाला. सुट्टीवर आला की ताटातले बटाट्याचे गोळे मांडून सांगे, "आई, सगळ्या भिंतीला धडका मारायच्या नाहीत. एकाच जागी भोक पाडायचं नि थेट आत घुसायचं. मागचे येतील तेव्हा येतील."

"आणि जेवण रे?"

"तेही मागून."

चाळीस साली तो फ्रान्समध्ये घुसला. तिने लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड धाडले. पार्सल पोचलं तोवर फ्रान्स पडला होता. "तुझ्या सुयांपेक्षा आमचे गाडे जोरात पळतात, आई," त्याने लिहिलं. ते पत्र तिने चर्चच्या पायरीवर वाचून दाखवलं. बाया पोट धरून हसल्या. ते गाडे ज्यांच्या अंगणातून गेले, त्या आयांचा विचार तिला तेव्हा शिवलाही नाही.

पुढच्या जूनमध्ये रशिया. तिने सुया हातात घेतल्याच नाहीत. "पार्सल पोचायच्या आत पोरगा दारात असेल," ती म्हणे. गल्लीत सगळ्याच तसं म्हणत.

ऑक्टोबरात पत्र आलं: चिखल फार, पेट्रोलच्या गाड्या मागे अडकल्यात, चार दिवस एकाच जागी उभे आहोत. कोर्बिनियनने ते दोनदा वाचलं. "विणायला घे," एवढंच म्हणाला.

आठवड्यात चार जोड झाले. टपालातली बाई म्हणाली, "सध्या पार्सलं घेत नाही. आगगाडीत जागा नाही."

"मोजे आहेत हो. वजन ते कितीसं?"

"सगळ्यांचे मोजेच आहेत, वाल्बुर्गाबाई."

जानेवारीत इस्पितळातल्या नर्सचं पत्र आलं. गाडा बर्फात सोडून लोरेन्त्स पायी माघारी निघाला होता. पाय काळे पडले. कापले, तरी विष चढत गेलं, आणि त्यातच तो गेला.

वाल्बुर्गा चर्चमध्ये, जाळीआडच्या फादरपुढे, पापाची कबुली द्यायला गुडघे टेकून बसली. "फादर, मी मोजे पाठवले नाहीत."

"बाई, हे काही पाप नव्हे."

"मग याची क्षमा मी कुठे मागू?"

 जाळीपलीकडून फादरनी पुढच्या बाईला बोलावलं.